माफीचा सीन

पटकथा लिहिणाऱ्याला सगळ्यात स्वस्तात मिळणारं वाक्य म्हणजे "मला माफ कर." त्याला तयारी लागत नाही, प्रसंग लागत नाही, पात्राचा स्वभावही फारसा लागत नाही. एक बाई उंबऱ्यात उभी, दुसरी देवघराकडे तोंड करून पाठमोरी, मागे बासरी. पहिली दोन पावलं आत येते, हात जोडते. दुसरी वळते, तिचे डोळे आधीच भरलेले. मिठी. ब्रेक. मालिकांसाठी असे सीन मी लिहिले आहेत, त्यांच्या मानधनावर घराचे हप्ते फेडले आहेत, तेव्हा त्यांची थट्टा करायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

अडचण अशी की ते वाक्य उच्चारलं की सीन बहुतेक वेळा तिथेच बसतो. समोर बसलेल्या साठीच्या बाईला पक्कं माहीत असतं की मोठ्या गोष्टींची माफी कुणी अशी मागत नाही. चुकून पाय लागला तर आपण लगेच हात लावून नमस्कार करतो. पण जिच्यामुळे दुसरीचा जन्म वाकड्या वाटेला लागला ती चाळीस वर्षं चकार शब्द काढत नाही. ती दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवते, नातवाच्या बारशाला आग्रहाने बोलावते, आजारपणात सगळ्यांच्या आधी धावून येते. आणि विषय निघालाच तर गॅस बंद करायला म्हणून उठून आत जाते. हे पडद्यावर कसं आणायचं, हा माझ्या धंद्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. म्हाताऱ्या मैत्रिणींवरचे हसरे-रडवे सिनेमे मी मुख्यतः त्यासाठीच बघते.

असे सिनेमे सध्या भरपूर निघतात. सत्तरीच्या चार नामांकित नट्या गोळा करायच्या, त्यांना एखाद्या लग्नाला किंवा सहलीला धाडायचं, मध्ये एकदा नाचवायचं, एकदा रडवायचं. 'द फॅब्युलस फोर' (२०२४) घ्या. सुझन सरँडन आणि बेट मिडलर या एकेकाळच्या जिवलग मैत्रिणी. एकीने दुसरीच्या मनातला पुरुष पळवून त्याच्याशी लग्न केलं, म्हणून अबोला. आता तीच उतारवयात पुन्हा लग्न करतेय आणि बाकीच्या दोघी सरँडनला फसवून तिथे नेतात. फसवतात कशी, तर हेमिंग्वेच्या घरच्या सहा बोटांच्या मांजरांपैकी एक तुला मिळणार आहे असं सांगून. मांजराचा विनोद चांगला आहे. पण अपराध इतका हलका की दीड तासाने समेट झाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं ते फक्त सिनेमा संपला म्हणून. अपराधाला वजन नसेल तर माफीला कुठून येणार?

वजन आहे ते 'द मिरॅकल क्लब'मध्ये. २०२३ चा सिनेमा, दिग्दर्शक थॅडियस ओसलिव्हन. काळ १९६७, जागा डब्लिनच्या कडेची एक कामगार वस्ती. लिली (मॅगी स्मिथ), एलीन (कॅथी बेट्स) आणि त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान असलेली डॉली (ॲग्नेस ओकेसी) यांना आयुष्यात एकदा फ्रान्समधल्या लूर्दला जायचंय. लूर्द म्हणजे १८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला जिथे मेरीमातेचं अठरा वेळा दर्शन झालं असं कॅथलिक मानतात, ते ठिकाण. तिथल्या झऱ्याच्या पाण्यात डुबकी मारली की दुखणी बरी होतात, ही श्रद्धा. एलीनच्या छातीत गाठ आहे आणि तिने ती घरी सांगितलेली नाही. डॉलीचा लहान मुलगा बोलत नाही. चर्चच्या कार्यक्रमात गाण्याची स्पर्धा आहे, बक्षीस लूर्दचं तिकीट. तिघी रंगीत पोशाख घालून गातात, आणि इथपर्यंत आपण मजेत असतो.

त्याच सुमारास त्यांची मैत्रीण मॉरीन मरते आणि अंत्यविधीला अमेरिकेहून तिची मुलगी क्रिसी (लॉरा लिनी) उतरते, चाळीस वर्षांनी. तिला बघून चेहरे आवळले जातात. क्रिसी तरुणपणी लग्नाआधी गरोदर राहिली होती, लिलीच्या मुलापासून. तिला गाव सोडावं लागलं, आणि ते तिच्या आईच्या आणि लिलीच्या हातून घडलं. जिवाभावाची एलीन तिच्या बाजूने उभी राहिली नाही. लिलीचा मुलगा समुद्रात गेला. आता मॉरीनच्या जागी क्रिसी या यात्रेत निघते, आणि चौघींना एकाच बसमध्ये, एकाच हॉटेलात, एकाच रांगेत दिवस काढायचे आहेत.

मांडणी म्हणून ही मला फार आवडते. जुन्या हिशेबाच्या गोष्टीत लेखकाचं पहिलं काम असतं माणसांना खोलीतून पळू न देणं. घरात भांडण लावलं तर कुणीतरी पाय आपटत बाहेर जातं आणि सीन मेला. यात्रेत बाहेर जायला जागाच नसते. शिवाय देवाधर्माची यात्रा हे बायकांना नवरा-पोरं टाकून बाहेर पडायचं सर्वमान्य कारण, ते आयर्लंडला जसं, तसं आपल्याकडेही. विनोदाचं कामही इथे नेमकं ठरतं. तो ताण हलका करायला असतो असं पुष्कळ जण समजतात, निर्माते तर हमखास. माझ्या अनुभवात त्याचं खरं काम कोंडून ठेवणं हे आहे. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन बायका एखाद्या फजितीवर एकाच वेळी हसल्या की त्यांना निघून जाता येत नाही. हसून झाल्यावर लगेच तोंड फिरवणं फार अवघड असतं. बघा कधी करून.

डॉलीचं पात्रही चांगल्या जागी ठेवलंय. अशा गोष्टीत इतिहास ठाऊक नसलेलं एक माणूस लागतंच, नाहीतर ज्यांना सगळं माहीत आहे त्याच एकमेकींना माहिती सांगत बसतात आणि संवाद बातम्यांसारखे होतात. डॉली विचारते म्हणून बाकीच्यांना बोलावं लागतं. आणि मुलाच्या मुकेपणाचा दोष ती मनोमन स्वतःलाच लावून बसलेली असल्यामुळे जुनी गोष्ट नव्या अंगात पुन्हा सुरू झालेली दिसते. मूल बोलत नाही आणि बायकाही बोलत नाहीत, ही जुळणी मात्र मला जरा जास्तच बेतलेली वाटली. वर्गात शिकवायला सोयीची आहे.

जाता जाता एक खवचट नोंद. मॅगी स्मिथचा जन्म १९३४ चा, बेट्सचा १९४८ चा, लिनीचा १९६४ चा. बेट्स आणि लिनी बालमैत्रिणी दाखवल्या आहेत, आणि दोघींत सोळा वर्षांचं अंतर आहे. पडद्यावर ते दिसतंसुद्धा. पण मॅगी स्मिथ समोर आली की मी वयाचे दाखले तपासायचं सोडून दिलं. टोमणा मारून झाल्यावर ती चेहऱ्यावर काहीच ठेवत नाही, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावर मुलगा गमावलेल्या बाईचा दगड झालेला राग आपण आपल्या मनाने भरतो. हा तिचा शेवटचा सिनेमा ठरला. २७ सप्टेंबर २०२४ ला ती गेली.

आता तक्रार. बायका लूर्दला गेल्यावर घरी नवऱ्यांची जी त्रेधा उडते, तिच्यावर सिनेमाने बराच वेळ घालवलाय. स्टीफन रेसारखा कसलेला नट पोरं आणि भांडी सांभाळताना घामाघूम होतो. लोक हसतात, मीही हसले. नंतर वाटलं, लेखकांनी हा ट्रॅक पुरुषांना धडा शिकवायला लिहिला आणि तेवढ्यावर पुरुषांची सुटका करून टाकली. चाळीस वर्षांपूर्वी एका पोरीला गावाबाहेर काढलं गेलं, आणि त्याची भरपाई काय, तर नवऱ्याने एकदा स्वयंपाक केला. चर्चचं प्रतिनिधित्व करणारा फादर डर्मट तर अगदी लाघवी माणूस आहे. तो थट्टा करतो, समजून घेतो. लूर्दला चमत्कारासाठी यायचं नसतं, चमत्कार झाला नाही तरी पुढे जगायची ताकद मिळावी म्हणून यायचं असतं, हे सिनेमातलं सगळ्यात शहाणं वाक्य त्याच्याच तोंडी आहे. मला ते वाक्य एलीनच्या तोंडी हवं होतं. गाठ तिच्या छातीत आहे.

क्रिसीला घालवलं कुणी? सिनेमा म्हणतो, आईने आणि लिलीने. खरं आहे. पण त्या दोघींना तसं करायला लावणारी जी व्यवस्था होती तिची खुर्ची सिनेमात रिकामी राहते. आयर्लंडच्या प्रेक्षकाला ती दाखवावी लागत नाही म्हणा. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना तिथे ननांच्या ताब्यातल्या आश्रमांत ठेवत, बाळं दत्तक दिली जात. 'मॅग्डलेन लाँड्री' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धुलाईघरांत हजारो बायकांना बिनपगारी राबवलं गेलं. त्यातलं शेवटचं डब्लिनमध्ये १९९६ मध्ये बंद झालं. पंतप्रधान एन्डा केनी यांनी त्या बायकांची संसदेत माफी मागितली ती २०१३ च्या फेब्रुवारीत. माता-बाल आश्रमांच्या चौकशीचा अहवाल आला २०२१ च्या जानेवारीत. १९२२ ते १९९८ या काळातल्या अठरा संस्था तपासल्या होत्या, आणि तिथे दगावलेल्या मुलांचा आकडा होता सुमारे नऊ हजार. त्यावर पुन्हा एका पंतप्रधानांनी, मीहॉल मार्टिन यांनी, सरकारतर्फे माफी मागितली.

म्हणजे त्या देशात माफी हा सरकारी कामकाजाचा भाग होऊन बसलाय. अशा ठिकाणी चार बायकांची गोष्ट लिहिताना सगळा हिशेब त्यांच्यातल्या त्यांच्यात मिटवला तर तो थोडा खोटा होतोच. आयांनी, मावश्यांनी, मैत्रिणींनी शिक्षा अमलात आणली, पण शिक्षा ठरवणारे दुसरे होते. बाईच्या हातून बाईवर झालेला अन्याय लिहायला घेतला की हा काटा कायम बोचतो. त्या बायकांना निर्दोष ठरवलं तर गोष्ट मिळमिळीत होते. सगळं त्यांच्याच माथी मारलं तर आपण पुन्हा त्या व्यवस्थेची चाकरी केली.

'फिलोमिना'ने (२०१३, दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स) हा पेच सोडवला तो लेखनाच्या एका साध्या युक्तीने. फिलोमिना ली ही खरी बाई. रॉसक्रेच्या आश्रमात तिला मुलगा झाला आणि तो तीन वर्षांचा असताना एका अमेरिकन कुटुंबाला दिला गेला. पन्नास वर्षं तिने घरात कुणाला सांगितलं नाही. सिनेमात ती (ज्युडी डेंच) एका तुसड्या पत्रकाराबरोबर (स्टीव्ह कूगन) मुलाच्या शोधात निघते. विनोद त्या जोडीत आहे. विमानतळावर ती त्याला आपण वाचलेल्या भाबड्या प्रेमकादंबरीचं कथानक इत्थंभूत ऐकवत राहते आणि त्याचा जीव जातो. शेवटी व्हीलचेअरमधल्या म्हाताऱ्या ननसमोर दोघं उभी राहतात, ती नन जराही वरमत नाही, आणि फिलोमिना तिला क्षमा करते. पत्रकार मात्र करत नाही. तो संतापलेलाच राहतो. पटकथेची करामत इथे आहे. क्षमा आणि संताप दोन माणसांना वाटून दिल्यामुळे प्रेक्षकावर क्षमेची सक्ती होत नाही. मी स्वतः त्या सीनला कूगनच्या बाजूने होते आणि डेंचकडे बघून रडत होते. गंमत म्हणजे ही भेट प्रत्यक्षात झालेलीच नाही. पत्रकाराने शोध सुरू केला त्याच्या कितीतरी आधी ती नन वारली होती. पटकथाकारांनी ती मागून जोडली. आमचा धंदाच तो.

पण माझ्या प्रश्नाचं सगळ्यात पटणारं उत्तर मला आयर्लंडमध्ये सापडलं नाही. ते सापडलं स्पेनमध्ये, पेद्रो अल्मोदोवारच्या 'वोल्व्हेर'मध्ये (२००६). कान महोत्सवात त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं सहा जणींना मिळून. सहा जणींना मिळून हे ज्यांना सुचलं त्या परीक्षकांनी सिनेमा नीट पाहिला होता.

ला मांचामधलं वाऱ्याचं गाव. पहिल्याच शॉटमध्ये बायका कबरी घासून पुसून लखलखीत करतायत आणि वारा त्यांच्या फुलदाण्या पाडतोय. राइमुंदा (पेनेलोपे क्रुझ) आणि सोले या बहिणी. आईवडील आगीत गेले असं सगळे समजतात. शेजारची आगुस्तिना कॅन्सरने आजारी आहे, आणि तिची आई त्याच सुमारास जी नाहीशी झाली ती झालीच. मग मेलेली आई इरेने (कार्मेन माउरा) परत येते, सोलेच्या गाडीच्या डिकीतून. भूत की माणूस, हे आपल्याला बराच वेळ कळू दिलेलं नाही. सोले घरच्या घरी चोरून ब्युटी पार्लर चालवते. आईला ती तिथे कामाला लावते आणि गिऱ्हाइकांना सांगते की ही रशियन बाई आहे, हिला आपली भाषा येत नाही. मेलेली बाई परक्या बायकांचे केस धूत उभी आहे, तोंड मिटून.

राइमुंदा त्या घरी येते तेव्हा इरेने पलंगाखाली लपते. राइमुंदा खोलीत हुंगते आणि म्हणते, इथे आईच्या पादण्याचा वास येतोय. बहिणी खो खो हसतात. राइमुंदाची मुलगी हसते. पलंगाखाली आईलाही हसू आवरत नाही. मी हा सीन पटकथेच्या विद्यार्थ्यांना दाखवते तेव्हा आधी हशा येतो आणि मग मुली एकदम गप्प होतात. कारण एका क्षणात आपल्याला कळतं की ही मुलगी आईवर कितीही संतापलेली असली तरी आई तिच्या अंगात मुरलेली आहे, थेट नाकापर्यंत. ओढ दाखवायला याहून हलकं साधन कुणी वापरलं नसेल आणि याहून अचूकही नाही.

संताप कशाचा, ते उशिरा उलगडतं. बापाने राइमुंदावर अत्याचार केला होता आणि आईच्या ते लक्षात आलं नव्हतं. पुढे कळलं तेव्हा इरेनेने नवरा ज्या झोपडीत दुसऱ्या बाईबरोबर झोपला होता ती पेटवून दिली. ती दुसरी बाई म्हणजे आगुस्तिनाची आई. म्हणजे इरेनेच्या खात्यावर दोन ऋणं आहेत. एक मुलीचं, तिने जे बघायला हवं होतं ते न बघण्याचं. आणि एक शेजारणीचं, तिच्या आईच्या जिवाचं.

मुलीशी ती बोलते. तिथे अल्मोदोवार तिला शब्द वापरू देतो, ती माफी मागायलाच परत आले असं म्हणतेही. पण आगुस्तिनाच्या बाबतीत तो जे करतो ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. इरेने त्या मरणपंथाला लागलेल्या बाईच्या घरी शिरते आणि तिची सेवा करायला राहते. तिला औषध देते, बिछाना नीट करते. आगुस्तिनाच्या दृष्टीने ते शेजारचं प्रेमळ भूत आहे. कबुली नाही, हात जोडणं नाही. मुलीला इरेने एवढंच सांगते की आगुस्तिनाच्या आईला मी मारलं, तेव्हा तिची काळजी घेणं एवढं तरी मी केलंच पाहिजे. राइमुंदा दाराशी येते, तिला आई हवी आहे, आणि आई म्हणते, आत्ता नको, भुतांनी रडायचं नसतं. दार लागतं.

यात माफी आहे की नाही? माझ्या मते अशा गोष्टीला साजेशी एवढीच माफी असते. तिची किंमत इरेने मोजतेय. मुलीबरोबरचे उरलेले दिवस सोडून ती परक्या बाईच्या उशाशी बसली आहे, आणि आपण का बसलो आहोत हे त्या बाईला कधीच सांगता येणार नाही याची तिला जाणीव आहे. 'द मिरॅकल क्लब'मध्येसुद्धा मला सगळ्यात खरा भाग वाटला तो लूर्दच्या स्नानगृहातला, जिथे कपडे उतरवून गार पाण्यात उतरायचंय, दुसरीच्या हाताला धरल्याशिवाय उतरता येत नाही आणि अंगावर आलेल्या शहाऱ्यापुढे कुणाचा तोरा टिकत नाही. त्यानंतरची बोलणी फिकी पडतात. इरेनेच्या खोलीत तर बोलणीच नाहीत.

आणखी एक गोष्ट, केवळ आवडते म्हणून सांगते. कार्मेन माउरा आणि अल्मोदोवार यांचं १९८८ च्या 'विमेन ऑन द व्हर्ज ऑफ अ नर्व्हस ब्रेकडाउन' नंतर बिनसलं होतं, आणि बरीच वर्षं त्यांनी एकत्र काम केलं नाही. त्या दोघांनी पुन्हा हात मिळवला तो या सिनेमासाठी, आणि त्याने तिला भूमिका दिली मेलेल्यांतून परत येणाऱ्या बाईची.

आपल्याकडे 'झिम्मा' (२०२१) आणि 'बाईपण भारी देवा' (२०२३) यांनी हे मैदान मोकळं केलं, त्याबद्दल आम्हा लिहिणाऱ्यांनी दोघांचे आभार मानायला हवेत. 'झिम्मा'मध्ये वेगवेगळ्या वयाच्या बायका इंग्लंडच्या सहलीला जातात. 'बाईपण'मध्ये सहा बहिणी जुनी अढी पोटात ठेवून मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरात आलेले बायकांचे जथे लोकांना आठवत असतील. पत्रकारांनी त्यावर सणासारखं लिहिलं. मला त्यातलं खेळाचं साधन फार मोलाचं वाटतं. फुगडी घालताना समोरचीचे हात गच्च धरावे लागतात, मागे झुकावं लागतं, आणि एकीने सोडलं तर दोघी पडतात. ज्या बहिणीशी बोलणं टाकलंय तिच्याबरोबर सराव करायला लावणं म्हणजे बसमध्ये कोंडण्यापेक्षाही पुढचं कोंडणं.

पण आपण मराठीत अजून अपराध लिहायला बिचकतो. छोट्या पडद्यावर तर आपला लाडका तोडगा म्हणजे गैरसमज. चिठ्ठी मिळाली नव्हती, निरोप पोचला नव्हता, मधल्या काकूंनी कान भरले होते. कुणी काही केलेलंच नसतं, त्यामुळे कुणाला काही फेडायचंही नसतं. नॅरेशनच्या वेळी अपराध खरा आहे असं म्हटलं की पलीकडून हमखास येतं, "मॅडम, पण मग प्रेक्षकांना ती आवडेल का?" इरेनेने दोन माणसं जाळली आहेत. आवडते की.

आणि आपल्या घरांत खऱ्या अपराधांची वाण थोडीच आहे? मार खाऊन रात्री माहेरी पळून आलेल्या पोरीला सकाळी पहिल्या एसटीने सासरी परत पाठवणाऱ्या बायका आमच्या आधीच्या पिढीत घरोघरी होत्या. आई, काकू, कधी लग्न झालेली मैत्रीण. दुष्ट एकही नव्हती. लोक काय म्हणतील, धाकटीचं लग्न कसं होईल, हिला पोसणार कोण, हे प्रश्न खोटे नव्हते. पोरीला गरम भाकरी खाऊ घालून, ओटी भरून, गाडीत बसवून देत. डब्लिनच्या वस्तीतल्या मॉरीन आणि लिली मला त्यामुळेच परक्या वाटल्या नाहीत.

सध्या माझ्या टेबलावर जी पटकथा आहे ती अशीच. तालुक्याच्या गावातलं भजनी मंडळ, सगळ्या साठी-सत्तरीच्या. सिंधू पेटी वाजवते, विमल टाळ धरते आणि हमखास लय वाढवते, त्यावरून रोज वाद. १९८३ साली विमल सुजलेल्या तोंडाने सिंधूच्या दारी आली होती आणि सिंधूने स्वतःच्या पैशाने तिकीट काढून तिला परत पाठवलं होतं. पुढे विमलचा नवरा मेला, ती याच गावात राहायला आली, आणि गेली वीस वर्षं दोघी एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात. विषय कधी निघालेला नाही. मंडळाला स्पर्धेला जायचंय, आणि ऐन तालमींच्या दिवसांत विमलची नात सासरहून बॅग घेऊन येते. विमलचा मुलगा आणि सून तिला परत पाठवायच्या बेतात आहेत.

पहिल्या खर्ड्यात मी सिंधूला बोलतं केलं होतं. पानभर स्वगत, चांगलं जमलं होतं. वाचून दाखवल्यावर युनिटमधल्या दोघांनी डोळे पुसले, तेव्हाच मी ते काढून टाकायचं ठरवलं. आताच्या खर्ड्यात सिंधू नातीची बॅग उचलून स्वतःच्या घरी नेते. तिचा मुलगा, ज्याच्या पगारावर ती राहते, तोंड फिरवतो. सून स्वयंपाकघर वेगळं करायची भाषा करते. सिंधू माळ्यावरून जुना स्टोव्ह काढून परसात स्वयंपाक करायला लागते, आणि पंपाशी झटापट करताना तिच्या चेहऱ्याला काजळी लागते, ती दिवसभर तशीच. विमल संध्याकाळी नातीला भेटायला येते. बसते. चहा घेते. कपाकडे बघत म्हणते, "रॉकेलचा वास येतोय." सिंधू म्हणते, "मग नको पिऊस." विमल कप संपवते आणि दुसरा मागते. मग दोघी तालमीला जातात आणि विमल पुन्हा लय वाढवते.

निर्मात्यांना सीन आवडला. त्यांची एकच शंका होती, "मॅडम, ती सॉरी कुठे म्हणते?" मी म्हटलं, म्हणत नाही. त्यांनी थोडा विचार केला, मग त्यांना तोडगा सापडला. सिनेमात नको तर नको, पण ट्रेलरसाठी तेवढं वेगळं शूट करून ठेवू. बोलणी तिथवर आली आहेत.